ग्रिम्सबीची हेस्टर डिक्सन

लंडन, ३ ऑक्टोबर १९५७

प्रिय हेस्टर हीस,

धाकट्या मेव्हिसचा स. न. वि. वि. आधी क्षमा कर, मग पुढचं वाच.

मला काम मिळालं! वेकफिल्डच्या नाटक मंडळीत, दर आठवड्याला नवं नाटक. पण त्यासाठी नटांच्या युनियनचं कार्ड लागतं, म्हणून आज त्यांच्या कचेरीत गेले. तिथल्या चष्मेवाल्या बाईंनी जाडजूड वही उघडली आणि सांगितलं की मेव्हिस डिक्सन नावाची एक नटी आधीच आहे. पन्नाशीची आहे, युद्धाच्या आधीपासून आत्या आणि नर्सची कामं करते. एका नावाच्या दोघी चालत नाहीत, असा नियम आहे. दुसरं नाव आत्ताच सांगा म्हणाल्या, कारण पाचला कचेरी बंद होणार होती आणि माझा करार उद्या सकाळी होता. मी त्यांच्या टाकाकडे बघत राहिले. जे पहिलं नाव तोंडात आलं ते तुझं होतं.

तेव्हा जाहिरातींवर मी आता हेस्टर डिक्सन. तुला काही नाटकात कामं करायची नाहीत, तेव्हा तिथे तुझं काही अडणार नाही. आईला तूच हळूच सांग. ती आणि तू बऱ्या आहात ना?

लोभ आहे तो तसाच राहू दे. रागावली असशील तर निदान अर्धा ठेव.

तुझी,
मेव्हिस


ग्रिम्सबी, ९ ऑक्टोबर १९५७

प्रिय मेव्हिस हीस,

अ. आ., एक कान पिरगाळून.

आईला सांगितलं तर तिला हसता हसता चहाचा ठसका लागला. म्हणाली, दोन मुलींना दोन नावं दिली होती, एक लंडनला गेली आणि आठ दिवसांत हरवून बसली. शेजारची कोरा ब्लँचर्ड आणि मी अंगणात मासेमारीच्या एकाच ट्रॉलरचं जाळं विणतोय. ती म्हणते, आता हेस्टर डिक्सन तिकडे रेशमी झग्यात फिरणार आणि इथे डांबराच्या दोरीने बोटं चिरून घेणार. दिवसभर हाच विषय चालला होता.

मी रागावलेले नाही. एवढंच की विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, आणि हो म्हणायला मला आवडलं असतं. नाव वापर, पण जपून वापर. मला ते एकच आहे.

आई विचारते, तिथे मासे ताजे मिळतात का. मिळत नसणार हे तिला माहीत आहे, तरी विचारते.

खुशालीच्या दोन ओळी टाकत जा, म्हणजे लोभ आपोआप वाढतो.

तुझी,
हेस्टर


मँचेस्टर, १ डिसेंबर १९६३

प्रिय हेस्टर हीस,

स. न. वि. वि. नाताळला येईन म्हटलं होतं, पण जमत नाही. टेलिव्हिजनची मालिका आठवड्यातून दोनदा असते आणि आमची लॉटी, म्हणजे मी करते ती बाई, सध्या शेजारणीचा नवरा पळवण्याच्या कामात आहे. परवा बसमध्ये एका आजीबाईंनी मला छत्रीने ढोसलं आणि विचारलं की त्या बिचारीच्या लेकरांचं काय. मी सांगितलं की मी फक्त काम करते. त्या म्हणाल्या, सगळ्या अशाच म्हणतात.

पत्रं पोत्याने येतात. सगळ्यांवर तुझं नाव. कधी कधी वाटतं, पोस्टमन तुझं टपाल माझ्या दारात टाकून गेलाय आणि तू तिकडे वाट बघत असशील. ज्याच्याशी लग्न करणार होते त्या जेराल्डबद्दल विचारू नकोस. तो आता बर्मिंगहॅमला असतो, आणि तिथे एकटा नाही. या फ्लॅटमध्ये मी दुसरी खुर्ची घेणार होते, ती राहून गेली.

आईला नवा स्वेटर पाठवते आहे. आईला सांभाळ, स्वतःलाही सांभाळ, आणि उरलं तर माझ्यावर लोभ कर.

तुझी,
मेव्हिस


ग्रिम्सबी, १७ मार्च १९६४

प्रिय मेव्हिस हीस,

अ. आ. घाबरू नकोस, पण बसून वाच. आईला गेल्या मंगळवारी झटका आला. उजवी बाजू गेली आहे, बोलणं कळतं पण वेळ लागतो. तिला खाटेवरून टीव्ही दिसेल असा ठेवलाय. तू पडद्यावर आलीस की ती डाव्या हाताने तुला सरळ बस म्हणून खुणावते.

मी जाळी आता घरातच विणते, एक डोळा तिच्यावर. डॉक्टरांकडच्या पोरीने नाव विचारलं, मी सांगितलं, तर ती आणि रांगेतले सगळे हसले. मासळीवाल्याने विचारलं की आज कोणाचा नवरा हवाय. नॉर्विचच्या एका गृहस्थांनी, तूच समजून, मला लग्नाची मागणी घातली आहे. मी उत्तर पाठवलं की मी घोरते. आई या गोष्टीवर हसली, आजारपणात पहिल्यांदाच.

जमलं तर एक दिवस येऊन जा. ती तुझं नाव घेते, तुझं खरं.

हेस्टर


ग्रिम्सबी, २० फेब्रुवारी १९६९

प्रिय मेव्हिस हीस,

अ. आ. तू चारच्या गाडीने गेलीस, ते बरोबरच होतं, सकाळी तुझं शूटिंग होतं. आईच्या शवपेटीपाशी तू रडलीस ते खरं रडणं होतं, हे मला कळलं. तेव्हा पुढचं तुझ्यावर राग म्हणून वाचू नकोस.

पेपरातलं कात्रण सोबत पाठवलंय. अभिनेत्री हेस्टर डिक्सन यांच्या मातोश्रींचं निधन, असा मथळा आहे. तुझा काळ्या हॅटमधला फोटो आहे, छान आलाय. शेवटच्या ओळीत लिहिलंय की दुसरी मुलगीही उपस्थित होती.

पाच वर्षं तिला उचललं, पुसलं, भरवलं ती मी. आणि आपल्याच गावाच्या पेपरात माझं नाव तुला गेलं आणि मला नाव राहिलंच नाही. मी ते वाचून चूल पुसत बसले. दुसरं काय करणार?

तुझी,
हेस्टर


लंडन, ११ मे १९७२

प्रिय हेस्टर हीस,

स. न. वि. वि. माझं बरं चाललंय. लॉटीने आता स्वतःचं केस कापायचं दुकान काढलंय. उन्हाळ्यात दोन महिने नाटकाचा दौरा आहे.

एक गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही. ती म्हातारी मेव्हिस डिक्सन गेली. निवृत्त नटांच्या घरात होती. मी तिला कधी भेटले नव्हते, तरी अंत्यविधीला गेले. आम्ही सहाजण होतो, त्यात दोन तिथल्या नर्स. शवपेटीवरच्या पितळी पाटीवर माझं नाव कोरलेलं बघून मला बसावंसं वाटलं. युनियनच्या बाईंनी सहज सांगितलं की आता ते नाव मोकळं झालंय.

तुझे गुडघे कसे आहेत? लोभाची थकबाकी माझ्याकडेच आहे, मला माहीत आहे.

तुझी,
मेव्हिस


ग्रिम्सबी, १४ मे १९७२

प्रिय मेव्हिस,

मोकळं झालंय ना? मग तुझं घे आणि माझं परत दे.

मी पंधरा वर्षांत काही मागितलं नाही. आता एकच मागते. आई नाही, नावाने हाक मारणारं घरात कोणी नाही. गावात मी नाव सांगितलं की लोक माझ्या मागे तुला शोधतात. मला पुन्हा फक्त मी असायचंय. हे फार आहे का?

हेस्टर


लंडन, २२ मे १९७२

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मला ते करता येणार नाही.

समजून घे. मी छत्तीसची आहे. मेव्हिस डिक्सन म्हणून मी कुठल्या दारात उभी राहिले तर लोक विचारतील, कोण? पंधरा वर्षं गारठलेल्या खोल्यांत राहून, रविवारच्या गाड्यांनी फिरून मी त्या नावाला एवढं मोठं केलंय. आधी ते तुझं होतं, कबूल. पण आता त्याच्यावर माझं पोट आहे, आणि पोटापलीकडे माझ्याजवळ काही नाही. नवरा नाही, मूल नाही. ते नाव काढलं तर या फ्लॅटमध्ये कोण राहतं, हे मलाच सांगता यायचं नाही.

माझ्यावर रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

मेव्हिस


ग्रिम्सबी, ३० मे १९७२

श्रीमती हेस्टर डिक्सन यांस,

स. न. वि. वि. आपलं पत्र पोचलं. इकडे सर्व क्षेम. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
दुसरी मुलगी


ग्रिम्सबी, ६ मार्च १९७७

प्रिय मेव्हिस हीस,

अ. आ. पाच वर्षं नाताळची कार्डं सोडून तुला काही लिहिलं नाही. मीच हट्ट धरला. आज लिहिते, कारण तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

आइसलंडने त्यांचा समुद्र परक्या बोटींना बंद केल्यापासून आपल्या बोटी धक्क्याला बांधून पडल्यात. जाळी कोणाला नकोत. आधी महिनाभर मी रिकाम्या अंगणात सुई घेऊन बसायची, सवयीने. कोरा तिच्या लेकीकडे राहायला गेली. काही दिवस असे जायचे की मी संध्याकाळी मांजराला हाक मारली की माझाच आवाज मला नवा वाटायचा. मग चॅपलच्या नाटक मंडळाने चहा करायला बाई मागितली, म्हणून गेले. त्यांची नायिका आजारी पडली आणि ऑर्गन वाजवणारे स्टॅम्प मला म्हणाले की जरा ओळी वाचून दाखवा. मी वाचल्या. सगळे हातातलं काम सोडून माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, चुकलं काहीतरी.

भाडेकरू ठेवणाऱ्या एका विधवेचं काम आहे. मेव्हिस, मला ते येतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं! त्या दोन तासांत मी एकटी नसते.

आता मुख्य गोष्ट. जाहिरात छापायची वेळ आली तेव्हा स्टॅम्प खाली बघत म्हणाले की हेस्टर डिक्सन हे नाव टाकलं तर क्लीथॉर्प्सपासून लोक बस करून येतील, आणि पडदा उघडल्यावर त्यांना जाळी विणणारी बाई दिसेल. फसवणूक होईल. दुसरं नाव द्या म्हणाले, छापखाना पाचला बंद होतो. मी तुझं दिलं.

तुला विचारलं नाही. तूही विचारलं नव्हतंस. पण मला वाटलं होतं की हे लिहिताना बरं वाटेल, आणि तसं काही वाटत नाही.

प्रयोग शनिवारी, १९ तारखेला आहे. तू दौऱ्यावर असशील. चुलीपाशी खुर्च्या दोनच आहेत, आणि एक रिकामी असते, हे लक्षात असू दे. लोभ कुठे गेला नव्हता, नुसता रुसला होता.

तुझी,
हेस्टर


लंडन, २१ मार्च १९७७

प्रिय हेस्टर हीस,

मेव्हिसचा शि. सा. न. हा नमस्कार मोठ्या बहिणीला आहे, आणि नटीलाही.

मी दौऱ्यावर नव्हते. दौरा नाहीच. दोन वर्षांपूर्वी मालिकावाल्यांनी लॉटीला कॅनडाला पाठवून दिलं, आणि गेले चौदा महिने मला कोणी बोलावलेलं नाही. तुला कार्डावर खोटं लिहीत होते. शनिवारी मी डोक्याला रुमाल बांधून हॉलच्या शेवटच्या रांगेत, दाराशी बसले होते.

भाडेकरू निघून जातो तेव्हा तू काही केलं नाहीस. रडली नाहीस, दाराकडे बघितलंही नाहीस. त्याने बसल्या बसल्या चुरगळलेलं टेबलावरचं कापड तेवढं हाताने सारखं केलंस, आणि हात तिथेच राहू दिलास. मी वीस वर्षं हे काम केलंय, मला ते कधी आलं नाही. मी तिथे हुंदका दिला असता तर सगळा हॉल वळला असता, म्हणून रुमालाचं टोक चावून बसले. शेजारचे गृहस्थ बायकोला म्हणत होते की ही मेव्हिस डिक्सन कोण, इतके दिवस कुठे होती. माझं नाव कोणी असं कौतुकाने घेतलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आणि ते तुझ्यासाठी होतं. मला हेवा वाटला, हेस्टर, आणि तो गेला तेव्हा फार बरं वाटलं.

नंतर मागे तुला भेटायला निघाले होते. दारापर्यंत आले. आतून तुम्हा सगळ्यांचं हसणं ऐकू येत होतं. मी आत शिरले असते तर पाच मिनिटांत सगळी माझ्याभोवती जमली असती आणि तुझी संध्याकाळ माझी झाली असती. म्हणून मागे फिरले.

स्टेशनच्या खोलीत गाडीची वाट बघत बसले होते. समोरची एक बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी जवळ येऊन तिने विचारलं की तुम्ही हेस्टर डिक्सन ना. या प्रश्नाला मी वीस वर्षं हो म्हणत आलेय. गेल्या वर्षभरात तर कोणी विचारावं म्हणून मुद्दाम दुकानांत फिरलेय.

मी म्हटलं, नाही. ती माझी मोठी बहीण. इथेच ग्रिम्सबीला राहते.

तुझी धाकटी,
मेव्हिस