हप्ते जातात, दिसत नाहीत

९ सप्टेंबर, मंगळवार

दुसऱ्या बँकेनेही नाही म्हटलं. क्लिनिकच्या स्टोअररूममध्ये ग्लव्ह्जच्या खोक्यांना टेकून उभ्याने ऐकलं. फोनवरची मुलगी गोड बोलत होती. "मॅडम, सर के रिपोर्ट में कोर्ट ऑर्डर के बाद होम लोन का एक भी पेमेंट नहीं दिखता."

एकही नाही? दर महिन्याला पगार झाला की किराण्याच्या आधी हप्ता जातो. मी स्वतः भरते. नवऱ्याची, अविनाशची, एसीच्या डक्टिंगची कंपनी बुडाली, कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज झाला, कार्डं आणि पर्सनल लोन तडजोडीत मिटली, त्या सगळ्यातून हा दोन बेडरूमचा फ्लॅट तेवढा वाचला. हप्ते भरत राहिलात तर घर राहील, असं तेव्हा बँकेने सांगितलं होतं. भरत राहिलो.

नोव्हेंबरमध्ये व्याजाचा फिक्स्ड रेट संपतो. नवा हप्ता माझ्या पगारात बसत नाही आणि अ.च्या फुटकळ साइटच्या कामांवर भरवसा नाही. म्हणून तर दुसरी बँक शोधत होते. आता?

अ.ला संध्याकाळी सांगितलं नाही. वरण-भात केला.

११ सप्टें., गुरुवार

अ.च्या मोबाईलवरून त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढला. त्यालाच लॉगिन करायला लावलं. ऐंशी-पंच्याऐंशी दिरहम गेले. म्हणजे दोन हजार रुपये, स्वतःचीच लाज बघायला!

बाऊन्स झालेले चेक आहेत. बंद झालेली कार्डं आहेत. कोर्ट आहे. सगळं तारीखवार, एक अक्षर गाळलेलं नाही. घराच्या कर्जासमोर 'सेटलमेंट' आणि पुढचे रकाने कोरे.

वाईट वागलो ते नोंदलंय, चांगलं वागलो ते कुणी लिहिलंच नाही. अ. म्हणाला, "मी सांगितलं होतं ना, बघू नको म्हणून." हे याचं नेहमीचं. मांजराने डोळे मिटून दूध प्यायलं की कुणाला दिसत नाही म्हणे.

इतके दिवस घर धरून ठेवलंय असं वाटत होतं, आणि बाहेर कुणाला ते माहीतच नाही.

१२ सप्टें., शुक्रवार

हाफ डे. आमच्याच बँकेत गेले. शीना नावाची केरळची ऑफिसर, माझ्याच वयाची. तिने फाइल उघडली, बराच वेळ वाचली, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. इतकी वर्षं कुणी स्क्रीन वळवली नव्हती.

तिने सांगितलं ते असं. दिवाळखोरीनंतर त्या कर्जाची अ.वर वैयक्तिक जबाबदारी राहिली नाही. घर मात्र तारण आहे. आम्ही पैसे भरतो, बँक घेते. पण अ.ने नव्याने करार करून 'हे कर्ज माझं' असं लिहून दिलेलं नाही, म्हणून त्यांची बँक ते हप्ते त्याच्या नावाने रिपोर्टला कळवत नाही.

"हमने कितने मेसेज भेजे, मॅडम. सर ने रिप्लाय ही नहीं किया."

वसुलीवाल्यांच्या दिवसांत आम्ही बँकेचे सगळे नंबर ब्लॉक केले. मी, अ., लेक सानिका, तिघांनीही. शून्य-चारने सुरू होणारा लँडलाइन दिसला की उचलायचा नाही, असा घरात नियमच आहे. दारू सोडलेल्याच्या घरात बाटलीला हात लावायचा नसतो तसा.

आता मार्ग एकच. अ.ने नव्या करारावर सही करायची, एक सही केलेला कोरा सिक्युरिटी चेक द्यायचा. मग हप्ते रिपोर्टवर दिसू लागतील आणि फिक्स्ड रेटची मुदतही वाढवून मिळेल. पण उद्या थकलं तर घर तर जाईलच, वर उरलेलं कर्ज पुन्हा त्याच्या डोक्यावर. सही नाही केली तर रेट वाढणार, आणि मग घर किती महिने टिकेल ते मला बोटांवर मोजता येतं.

शीनाने वरून खास मंजुरी आणलीय, एकट्या अ.च्या सहीवर. "नेक्स्ट फ्रायडे तक आ जाइए."

१३ सप्टें., शनिवार

अ.ला सगळं सांगितलं. 'कोरा चेक' म्हटल्यावर उठला आणि गॅलरीत जाऊन एसीचं पाणी पडतं ती बादली ओतून आला. अर्धीच भरली होती.

कंपनी बुडाली तेव्हा असाच एक कोरा चेक कुणीतरी आकडा टाकून बँकेत भरला आणि अ. पोलीस ठाण्याच्या बाकावर जाऊन बसला. आता कायदा तितका कडक नाही म्हणतात, चेकसाठी लगेच आत टाकत नाहीत. पण ट्रॅव्हल बॅन आहे, खातं गोठवणं आहे. आणि अ.ला कायदा कुठे कळतो, त्याला तो बाक कळतो. तेव्हापासून कुरियरच्या पावतीवरसुद्धा मीच सही करते. सानिकाच्या शाळेच्या सहलीच्या फॉर्मवरही मीच.

सानिका म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ सिग्नेचर." मीही तेच म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

१४ सप्टें., रविवार

शेखचाचा आले होते. अल मनखूलला भाड्याने राहायचो तेव्हाचे शेजारी, म्हसळ्याचे. येताना सुरमई, साफ करून, तुकडे करून. अ.ने त्यांना सल्ला विचारला. मला माहीत होतं ते काय सांगणार.

"सही नको करू, भाई. भरत जा, राहत जा. इकडे मी चाळीस वर्षं काढली, कुठे सही करायची तर आधी दोनदा बिस्मिल्ला म्हणतो आणि मग करतच नाही."

अ. किती दिवसांनी हसला.

मला राग आला. चाचांचं म्हसळ्याला दुमजली घर आहे, त्यांना सांगायला काय जातंय? पण त्या वाईट वर्षात आमच्या फ्रीजमध्ये जे काही होतं ते बहुतेक चाचांनी आणलेलं होतं. मासे तळले.

१६ सप्टें., मंगळवार

सासूबाईंचा डोंबिवलीहून व्हिडिओ कॉल. अ.ने मुद्दाम विषय काढला, मी ओळखलं. "आई, घराच्या कागदावर सही करायचीय या आठवड्यात."

"पितृपक्षात? अरे, काहीतरीच काय! लोक पंधरवड्यात चप्पल घेत नाहीत आणि तुम्ही घराचा कागद करताय? घट बसू देत."

अ.चा चेहरा इतका मोकळा झाला की बघवेना. एरवी हा माणूस घटस्थापना कधी ते मला विचारतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, इथे भित्याच्या मदतीला सगळे पितर धावून आले.

चिडले, बोलले. आणि मग, खरं लिहायचं तर, मलाही जरा बरं वाटलं. आठवडाभर तरी काही होणार नाही.

शीनाला फोन करून २३ तारीख मागितली. ती म्हणाली, "देखती हूँ, मॅडम, प्रॉमिस नहीं." आम्ही ते 'हो' धरलं.

१७ सप्टें.

बँकेचे नंबर अनब्लॉक केले. अडकलेले मेसेज एका फोल्डरमध्ये सापडले. डिअर कस्टमर, काइंडली व्हिजिट. डिअर कस्टमर, फायनल रिमाइंडर. सगळे एकाच सुरात, नम्र.

आता फोन वाजला की आधी सुरुवातीचे आकडे बघते. आज तीनदा आला. दोनदा बिर्याणीच्या ऑफरवाले, एकदा सानिकाची बस.

१९ सप्टें., शुक्रवार

क्लिनिकमधून आले तर अ. सोफ्यावर, मोबाईल उशीखाली. शीनाचा फोन येऊन गेला होता. दोनदा.

"उचलला का नाहीस?"

"तू नव्हतीस."

परत लावला तोवर बँक बंद झाली होती. ओरडले नाही. ओरडायला हवं होतं. तो अजून ती उशी दाबून धरून बसला होता, ओरडता आलं नाही.

२३ सप्टें., मंगळवार

काल घट बसले. आज अ. सकाळीच उठून इस्त्रीचा शर्ट घालून तयार. खिशात स्वतःचं पेन. देवाशप्पथ, आज तो सही करणार होता. मला माझा नवरा परत मिळाल्यासारखं वाटलं, पार्किंगपासून काउंटरपर्यंत.

शीना नाही. सुट्टीवर गावी. तिच्या जागी एक तरुण साहेब, लेबनॉनचा असावा, कफलिंक्सवाला. त्याने बघितलं आणि म्हणाला, ती मंजुरी शुक्रवारी संपली. खलास. आता फाइल पुन्हा कमिटीकडे जाईल, आणि कमिटी एकट्या सरांची सही घेणार नाही. सरांना पगार नाही.

"मॅडम हॅज सॅलरी. मॅडम कॅन बी को-बॉरोअर."

माझी सही. माझा कोरा चेक.

अ. हातात पेन घेऊन तसाच बसला होता. साहेबाला वाटलं, त्याला काही लिहून घ्यायचंय. त्याने एक कागद पुढे सरकवला.

२४ सप्टें.

सानिकाला कळलं की काहीतरी बिनसलंय. विचारलं. सांगितलं.

"सो? साइन इट, ममा."

"इतकं सोपं नाहीये."

"बट यू टोल्ड बाबा इट्स जस्ट अ सिग्नेचर."

पोळ्या लाटत होते. तीन करपल्या.

२६ सप्टें., शुक्रवार

आज माझाही रिपोर्ट काढला. एकच क्रेडिट कार्ड, वेळेवर भरलेलं. बाकी काही नाही. किती बरं वाटलं, आणि लगेच किती भीती वाटली! या घरात धड नाव आता एवढंच उरलंय. क्लिनिक मला ठेवतं ते या नावावर, सानिकाची फी भरते ती या नावावर, ठाण्याला आईला बरं नसलं की रात्रीच्या विमानात बसते ती या नावावर. ते पण त्या फाइलमध्ये घालायचं?

आणि नाही घातलं तर घर जातं. ज्या घरासाठी इतकं सगळं केलं ते.

मला भीती वाटते. अ.ला भित्रा म्हणत होते ना, आता मला वाटते. त्याला निदान माहीत होतं कशाची वाटते. डॉक्टरांनी उद्या क्लिनिक बंद केलं तर? बंद करतील असं काही नाही. अ.ची कंपनी बंद पडेल असंही काही नव्हतं.

२८ सप्टें., रविवार

अ. म्हणाला, "सोडून देऊ फ्लॅट. शारजाला भाड्याने बघतो. तू नको अडकू."

म्हटलं, बरं. बघ.

दिवसभर घरं बघत फिरला. शारजा, अजमान, कुठेही जा, भाड्याला वर्षभराचे पुढच्या तारखांचे चेक लागतात. त्याचे चेक आता कुणी घेत नाही. संध्याकाळी येऊन समोर बसला आणि हळूच म्हणाला, "तिथेही तुझेच चेक लागतील, मेधा."

मग मी चहा टाकला. इकडून गेलं तरी माझी सही, तिकडून गेलं तरी माझी सही. आणि हा माणूस मला त्यातून सोडवायला दिवसभर उन्हात फिरला. आज त्याचा राग नाही. कुणाचाच नाही, तेच अवघड आहे.

१ ऑक्टो., बुधवार

बँकेचा फोन आला. कमिटीने मान्य केलं. दोन सह्या, माझा चेक. उद्या सकाळी या.

उद्या दसरा. सासूबाई खूश. "बघ, थांबलो म्हणून मुहूर्त कसा मिळाला!" त्यांना काय सांगणार?

शेखचाचांना मी स्वतः फोन केला. यावेळी बिस्मिल्लाचा विनोद केला नाही. म्हणाले, "बेटा, तुला मी नको पण म्हणू शकत नाही आणि कर पण म्हणू शकत नाही." मग म्हणाले, दुआ करतो. चाचा असे बोलले की जास्त भीती वाटते.

२ ऑक्टो., गुरुवार

हे बँकेच्या वॉशरूममधून मोबाईलवर लिहितेय.

अ.ने सही केली. प्रत्येक पानावर, न थांबता, शेवटच्याला तर नावाखाली रेघही मारली, पूर्वी मारायचा तशी. साहेब "परफेक्ट" म्हणाला. मग सगळे कागद माझ्याकडे वळले. चेकवर फक्त माझं छापील नाव, आकड्याची जागा रिकामी. मी विचारलं, यात आकडा कधी टाकता? "ओन्ली इफ नीडेड, मॅडम, इन्शाल्ला नेव्हर." आणि हसला. चांगल्या मनाने हसला असेल.

मी पेन उचललं आणि वॉशरूम कुठे आहे विचारलं.

इथे स्वच्छ आहे. कुणीतरी ऊद लावलाय. हात धुतले, परत धुतले. आईला फोन लावावासा वाटला, लावला नाही. तिला काय विचारणार होते?

अ. दाराबाहेर येऊन उभा राहिलाय. बायकांचं वॉशरूम आहे, तरी. "मेधा, बरी आहेस ना? नसेल जमत तर राहू दे. चल, घरी जाऊ."

घर तर तिथे टेबलावर पडलंय, दोघांपैकी एकाच्याच सहीचं.

"आले," म्हटलं. अजून कडी काढलेली नाही.