द्वितीय क्रमांकाची यांत्रिक कारणमीमांसा

रविवार, २८ सप्टेंबर २०२५
पुनश्च पराभव. अंतर केवळ अर्ध्या मोटारीचे. कन्या अपेक्षा पुण्याच्या वसतिगृहात, अस्मादिक अमडापुरात. दर रविवारी सायंकाळी ऑनलाइन कार-रेसमध्ये गाठ पडते. सलग एकोणीस शर्यतींत मी द्वितीय. (स्पर्धक दोनच, हा तपशील गौण.) अंतर नित्य इतके अल्प की निष्कर्ष अटळ: कौशल्य समसमान, दोष संगणकाचा. वळणावर चित्र अडखळते, मी नव्हे.
सोमवारी, ६ ऑक्टोबरला, ती नोकरीसाठी बंगळूरला जाते. तिथे रविवारीही ड्यूटी. म्हणजे येती शर्यत अखेरची. एकदा तरी जिंकणे हे पितृकर्तव्य.
संकल्प: ग्राफिक्स कार्ड.

सोमवार, २९ सप्टेंबर
अकरा व्हिडिओ पाहून सखोल चिंतन. आठ जीबी की बारा? ज्याच्या खोक्यावर सिंह आहे, ते.
चिखलीचे संगणक-दुकानदार वकारभाई म्हणाले, "सर, पयले रॅम वाढवा, कार्डाचं मंग पाहू." मूलगामी प्रश्नाला वरवरचे उत्तर. कार्डच घेतले. घरी येऊन बसवून देण्याचा त्यांचा प्रस्तावही सविनय नाकारला. सव्वीस वर्षे शाळेत संस्कृतचे संधी सोडवणारा मनुष्य चार स्क्रू सोडवू शकतो.

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी
यथाशास्त्र शस्त्रपूजन. विळा, कुऱ्हाड, स्कूटर आणि नूतन कार्ड. कार्डाच्या खालच्या कडेस सोनेरी दातांची ओळ आहे. निर्मात्याने हळदीकुंकवासाठी राखलेली जागा उघडच दिसते. पाच बोटे हळद, पाच बोटे कुंकू, वर अक्षता.
सौ. पुष्पांजली उद्गारली, "अहो, खोक्याले लावा ना! मशीनले काऊन लावून राह्यले?"
श्रद्धेचा ऱ्हास.
कार्ड बसवले. पडदा काळा. आतून टर्रटर्र.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा
निदान निश्चित: गावचे व्होल्टेज. फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून संगणकास जोडला. पडदा काळाच. फ्रिजने मात्र असहकार पुकारला. श्रीखंड प्रवाही.
"तुमची रेस होईन तवा होईन. आता पाहुण्याइले काय मठ्ठा वाढू?"
सौ.चा प्रश्न अनाठायी. मठ्ठाही पाचक असतो.

शनिवार, ४ ऑक्टोबर
वकारभाईंना पाचारण. केवळ निरीक्षक म्हणून.
त्यांनी कार्ड बाहेर काढले, उलटे केले आणि बराच वेळ हसले. "सर, याले तं हळद लागली! हळद लागल्यावर नवरदेव कामाले जाते का?" मग पंख्यातून तांदळाचा दाणा उपसला. "घ्या, अक्षता बी पडल्या."
शेजारून पुष्पांजलीचा हर्ष अशोभनीय.
खोडरबराने दात घासताच पडदा उजळला. माझे निदान जवळपास हेच होते, असे मी त्यांस सांगितले.
"हाव सर," ते म्हणाले. अनावश्यक गांभीर्याने.

रविवार, ५ ऑक्टोबर, सायं. ६.००
चित्र दिव्य. घाटातील पान न् पान दिसते. आता सबब शिल्लक नाही. अर्थात लागणारही नाही.

सायं. ६.४०
चित्र एकदाही अडखळले नाही. मी सात वेळा. पैकी दोनदा दरीत.
अखेरच्या वळणापुढे पूर्वी एक धूसर तांबडा ठिपका दिसे. तो मी मैलाचा दगड मानत असे. आज तो सुस्पष्ट दिसला. अपेक्षाची लाल मोटार. अंतिम रेषेच्या अलीकडे, कडेला, उभी.
हेडफोनवरून पृच्छा केली, बंद पडली काय?
"नाही बाबा. तुमची वाट पाहून राह्यली."
आजच?
ती म्हणाली, "दर रविवारी. तुम्ही जवळ आले का मंग निघतो मी."
माझे संस्कृत लोपले. "मंग जिंकू काऊन नाही दिलं वं एकडाव?"
"जिंकले असते तं तुम्ही रिटायर झाले असते. मंग रविवारी मी कोनासंग बोलली असती?"
विजय तुच्छ वाटला. ठरवले, तिच्या शेजारी नेऊन सन्मानाने गाडी उभी करावी. ब्रेक दाबला.
तो ॲक्सिलरेटर होता.
मागून धडक. तिची मोटार त्या धक्क्याने रेषेपार. माझी अलीकडेच, चाके आकाशाकडे.
पडद्यावर अक्षरे उमटली. प्रथमच इतकी सुवाच्य: द्वितीय.