संदलाचं ठेंगणं दार

गढीचं बोरगाव, नळदुर्गजवळ
१६ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव आरोही,

तुझ्या आजीचा, कस्तुराबाईचा, तोंडभरून आशीर्वाद. अक्षर बघून दचकू नको. मला लिहिता येत न्हाय हे तुला ठाऊकच हाय. हाताला सापडला त्याला बसवलाय. नीट लिहिलं का न्हाय ते शेजारची फलक मागनं मला वाचून दाखवणार हाय. तवा लिहिणाऱ्यानं लबाडी करायची सोय न्हाय.

इकडं सगळं बरं. ज्वारी काढणीला आली. काळी म्हस व्याली. माझे गुडघे माझ्यासारखेच, वाकायला तयार न्हाईत.

तुझे फोटू फलकनं मोबाइलवर मोठे करून दाखवले. गोव्यात तू डागडुजी करतीस ते जुनं चर्च, आन त्याला चिकटून सरदाराचा वाडा. दोघांत एकच भिंत, भिंतीत दार. वाड्यातल्या बायका रस्त्यावर पाय न ठेवता प्रार्थनेला जायच्या म्हणं. तू विचारलंस, आजी, असं कुठं बघितलंस का? अगं, रोज बघते. आपली गढी आन पीरसाहेबाचा दर्गा एकाच भिंतीला पाठ लावून बसलेत. तुझ्या सरदारानं नवीन ते काय केलं?

फोटूच्या कडंला उभा इनासबी बघितला. कान मोठे हायत. ऐकून घेणारा दिसतोय, तुला तसलाच पायजे.

लिहिणारा इथं थांबला. पेन चालत न्हाय म्हणतोय. चालतंय की.

चर्चातल्या तुमच्या लग्नाचं नाव या घरात कुणी काढत नव्हतं. परक्या देवाच्या दारात पाय ठेवणार न्हाय, असं तुझ्या बापानं सांगून टाकलेलं. तुझा फोन आला की तो गोठ्यात जायचा. म्हससुद्धा वैतागली.

परवा उरूस झाला. संदलाचा मान आपल्या घराचा. गढीतून निघायचं आन भिंतीतल्या त्या ठेंगण्या दारानं वाकून दर्ग्यात शिरायचं. यंदाबी तुझ्या बापाच्याच डोक्यावर चंदनाच्या लेपाचं ताट, मागं बाजा, त्याच्यामागं गाव. मी आधीच जाऊन दारात बसले, दोन्ही हात चौकटीला लावून.

म्हणलं, "रणधीर, पलीकडं कुणाचा देव?"

बाजा थांबला. डोक्यावर संदल, ताट खाली ठेवता येईना, मागं फिरता येईना.

"आय, सरक. लोकं खोळंबलीत."

"कुणाचा?"

"आपलाच की."

"मग आरोहीच्या गावात भिंतीपल्याड कुणाचा? तोबी आपलाच, तर लग्नाला येणार का?"

त्यानं ताट सावरलं. आतून मुजावर पाशामियाँ म्हणाले, "पाटील, व्हय म्हणून टाका. भाभी काय उठत न्हाईत, आन संदल वाळायला लागला."

व्हय म्हणला. म्हणलं, मोठ्यानं म्हण, बाजावाल्याला ऐकू गेलं न्हाय. परत म्हणला. मग मी उठले. म्हंजे फलकनं उठवलं. बाजा असा वाजला की गढीवरची सगळी कबुतरं उडाली.

आता आलं ना ध्यानात, कुणाला बसवलाय? तोच हाय, तुझा आण्णा. मान खाली घालून आपली फजिती आपल्याच हातानं लिहितोय. मघाचं ते म्हशीचं गाळू म्हणत होता.

लग्नाला आमी दोघं येणार. इनासच्या आईला सांग, शेंगांची चटणी मी आणीन, आन तुमच्यात नाचायची रीत असली तर गुडघ्यांना समजावीन.

खाली थोडी जागा सोडायला लावलीय. तिथं त्याचं तो लिहील. तेवढं काय मी फलककडून वाचून घेणार न्हाय.

अंगठा माझाच,
दार अडवून बसलेली तुझी आजी

आरोही, बाळा, तिथलं दार केवढं का असेना, मी येतो. मला वाकून आत जायची सवय आहे.
— आण्णा