आई बजेट का मोडत नाही

खडकी, पुणे
१२ मार्च २००४

प्रिय अक्षता,

पत्र घरी न पाठवता तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंय म्हणून चकित झाली असशील. होऊ दे. तुझ्या घरी फोन केला की राकेशरावच उचलतात, आणि तुझा मोबाइलही हल्ली त्यांच्याच हातात असतो. मला फक्त तुझ्याशी बोलायचंय, आणि विषय तुझ्या आईचा आहे.

मला तिचा संशय येत होता. हसू नकोस. फॅक्टरीच्या गेटवर लोकांचे डबे आणि पिशव्या तपासण्यात माझी अख्खी नोकरी गेली. कोण सरळ चाललंय आणि कोण सरळ चालल्याचं दाखवतंय, ते मला पाठमोऱ्या माणसावरूनही कळतं. दिवाळीत तुम्ही दोघं आलात तेव्हा राकेशरावांनी लॅपटॉप उघडून तुमच्या घरखर्चाचा तक्ता दाखवला होता. प्रत्येक खर्चाला वेगळा रकाना, तुझ्या रिक्षालासुद्धा. मी खूशच झालो. जावई असावा तर असा, म्हणून कट्ट्यावर सांगत फिरलो आणि आपल्याकडेही बजेट सुरू केलं. आपल्या घरातलं बजेट म्हणजे तुला ठाऊकच आहे. पेन्शनच्या दिवशी शपथ घ्यायची आणि दारावर साडीवाला आला की विसरायची. मी स्वतः पंधरवड्यात कंटाळलो, चौकात जाऊन भजी खाल्ली आणि मोकळा झालो. तुझी आई मात्र थांबलीच नाही.

तेव्हापासून तिने एकही साडी घेतलेली नाही. चहातली साखर कमी झाली, संध्याकाळचं दूध बंद झालं, चष्म्याचा नंबर काढायचा होता तो राहिला. बाजारातून पिशव्या घेऊन चालत येते. विचारलं तर म्हणते, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी, ते सांगत नाही. बरं, एवढी काटकसर केल्यावर पैसे कुठेतरी दिसायला हवेत ना? कपाट पाहिलं, डाळीचे डबेही पाहिले. काही नाही.

पहिला संशय अर्थातच तुझ्या बद्रीनाथमामावर. खडकवासल्याला धरणापाशी कणसांची गाडी टाकायचं त्याच्या डोक्यात होतं, आणि असलं काही डोक्यात आलं की त्याला बहीण आठवते. रविवारी सहज आल्यासारखं दाखवून त्याच्याकडे जाऊन आलो. गाडीचा पत्ता नाही. उलट तोच मला विचारायला लागला, की ताईला झालंय काय? म्हणाला, संक्रांतीला मी तिला नवा कुकर घ्यायला निघालो, तर ती म्हणाली कुकर नको, रोख दे. माझं डोकंच फिरलं. भिशीत बुडाली असेल, एखादा बुवा भेटला असेल, काय काय मनात आलं. एकदा तर मी तिच्या मागोमाग बाजारापर्यंत गेलो. तिने वळून पाहिलं आणि बटाट्याची पिशवी माझ्या हातात दिली.

गेल्या आठवड्यात मात्र कहर झाला. मागच्या खोलीत यवतमाळची ती कॉम्प्युटरवाली मुलगी पेइंग गेस्ट म्हणून राहते, तिला तुझ्या आईने महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. चांगली मुलगी, वेळेवर भाडं देणारी. चिमूटभर साखर वाचवणारी बाई घरात येणारे पैसे बंद करते? मी आवाज चढवला. तुझी आई जाऊन दार लावून आली, खाली बसली आणि रडायलाच लागली.

मग तिने सगळं सांगितलं. तुझी ओटी भरताना ती दरवेळी त्यात शंभराची नोट घालते. मी कमावती आहे, मला कशाला, असं म्हणून तू ती दरवेळी देवापुढे ठेवून जातेस. या दिवाळीत ठेवली नाहीस. राकेश बूट घालायला वळला तेवढ्यात तू ती नोट रुमालात गुंडाळून ब्लाउजमध्ये सारलीस, खांद्याला पर्स असताना. मी तेव्हा त्याच्या तक्त्याचं कौतुक करत होतो. तुझ्या आईने पाहिलं. महिन्याला एवढा पगार घेणारी माझी मुलगी शंभर रुपये कुणापासून लपवते, असं तिने मला विचारलं. गेटवर इतकी वर्षं उभं राहून मला जे दिसलं नाही, ते तिला दारात उभ्या उभ्या दिसलं. तेव्हापासून ती वाचवलेला एकेक पैसा तुझ्यासाठी शेजारच्या दुर्गाबाईंकडे ठेवायला देतेय. माझ्या हाती लागले असते तर मी जावयाला कौतुकाने सांगितलं असतं, म्हणाली. खरंच सांगितलं असतं गं.

आमचा संशय खोटा असेल. तसं असेल तर भांडायला ये, माझ्या जावयाबद्दल असं लिहिलंच कसं म्हणून मला चारचौघांत सुनाव. मी ऐकून घेईन, मला आनंदच होईल. पण खरा असेल तर आम्हाला काही समजावत बसू नकोस. लोक काय म्हणतील याचा विचार करू नकोस, सामान आणायच्या भानगडीत पडू नकोस. ऑफिस सुटलं की कोथरूडच्या घराकडे न वळता, अंगावरच्या कपड्यांनिशी इकडे ये. एक तारखेपासून मागची खोली रिकामी आहे, आणि ती तुझी आहे.

तुझाच,
बाबा