मयतीच्या घरचं पाणी

बाई, काल अकोल्याला जाऊन आले. आज सकाळपासून कुणाशी बोलले नाही आणि ज्यांच्याशी बोलावंसं वाटलं त्या तुम्ही. तुमच्या अमरावतीच्या घरावर आता दुसऱ्याच कुणाची पाटी आहे. हे कागद टपालात पडणार नाहीत, तरी लिहिते.

निवृत्त झाल्यापासून मला भाषेच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बोलावतात. विषयाला आता मोठं नाव आहे, आंतरसांस्कृतिक अध्ययन. भाषा शिकवताना वर्गातल्या मुलांची घरं, त्यांच्या रीती वर्गात याव्यात आणि मुलांनी एकमेकांकडे नीट बघायला शिकावं, एवढंच त्यात आहे. सभागृहात पंखे गरगरत असतात, शिक्षक जेवणाच्या सुट्टीकडे डोळे लावून असतात. गेल्या खेपेला अकोल्यात मागच्या रांगेतून एकानं विचारलं, ‘‘मॅडम, हे परीक्षेत किती मार्काले येते?’’ मी म्हणाले, ‘‘शून्य.’’ ‘‘मंग शिकवाचं काहून?’’ सगळे हसले. मी हसले नाही. दुसरा उठून म्हणाला, पोरांना निरनिराळ्या राज्यांचे पोशाख घालून स्टेजवर उभं करू, फोटो चांगले येतात. त्याला मी खाली बसवलं. मग त्यांना तुमचा तास सांगितला. मी दर वेळी तोच सांगते, नाव न घेता.

बाई, तो दिवस आठवतो? मी बी.एड.ला आहे, सराव पाठ आहे आणि तुम्ही शेवटच्या बाकावर बसला आहात. मी सांत्वनपत्र शिकवते आहे. फळ्यावर मायना, मजकूर, ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’, खाली सही. अक्षर सुरेख, वेळ अचूक, पोरी चिडीचूप. मला वाटलं, शाबासकी मिळणार. तुम्ही मला घरी घेऊन गेलात, स्वयंपाकघरात पाटावर बसवलंत. सगळं गाव चहा पीत असताना तुमच्याकडे चिखलदऱ्याची कॉफी व्हायची, फडक्यातून गाळलेली, काळी आणि कडू. पेला माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, ‘‘काहून वं, तुह्या फळ्यावर साऱ्याइचं दुःख एकसारखंच काहून हाय? एका पोरीले तरी इचारलं काय, तुह्या घरी माणूस गेलं तं काय करतात?’’ वर्गात शुद्ध बोलणाऱ्या तुम्ही चुलीपाशी आलात की अशा बोलायच्या आणि ते जास्त लागायचं.

दुसऱ्या दिवशी तो तास तुम्ही स्वतः घेतलात. फळ्यावर काही लिहिलं नाही. ‘तुमच्या घरी काय करतात?’ एवढंच विचारलंत आणि थांबलात. मग फुलं विकणाऱ्यांच्या घरची एक पोरगी उठली, म्हणाली, आमच्यात मयतीच्या फुलांचा भाव करत नाहीत. दुसरी म्हणाली, आमच्याकडे कुणी काहीच बोलत नाही, नुसतं जवळ बसतात. एकीला सांगता सांगता रडू आलं, तुम्ही तिला थांबवलं नाहीत. तास संपला आणि पत्र लिहून झालंच नाही. मला तेव्हा तुमचा राग आला होता. पाठ्यक्रम कोण पुरा करणार?

तर बाई, तो तास ऐकून अकोल्याच्या सभागृहातली एक तरुण शिक्षिका सुट्टीत माझ्याकडे आली. नांदगाव खंडेश्वरकडची, शेतकऱ्याच्या घरची, अंगानं किरकोळ. अकोल्यात उर्दू माध्यमाच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. म्हणाली, ‘‘मॅडम, माह्या नववीतल्या एका पोरीची आई वारली. मी जाऊ काय तिच्या घरी?’’ मी म्हणाले, विचारतेस काय, जा. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत सभागृहातून उठून खरोखर कुणाच्या दारात जाणारी ती पहिलीच.

ती गेली. बायकांमध्ये जाऊन सतरंजीवर बसली. त्या पोरीनं स्वतः पाण्याचा पेला आणला. हिनं हात जोडून मान हलवली, घेतला नाही. थोडा वेळ खाली मान घालून बसली आणि काही न बोलता उठून आली. आपल्याकडे जसं करतात तसं, अगदी नेमकं. मयतीच्या घरी काही घ्यायचं नाही, निघताना ‘येते’ म्हणायचं नाही. त्यात मान होता. पण त्या घरात तिला काय दिसलं असेल? परक्या धर्माची बाई आली, आमच्या घरचं पाणी नाकारलं, तोंडातून शब्द न काढता निघून गेली.

पोरगी शाळेत परत आली ती मराठीच्या तासाला पुस्तक मिटून बसली. ‘उघड’ म्हटल्यावर भर वर्गात उभी राहिली. ‘‘टीचर, हमारे घर का पानी तुमकू नहीं चला. फिर तुम्हारी मराठी हम कायकू पढ़ें?’’ पोरगी दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

शिक्षिकेचा मला फोन आला. मी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. मी तडकले. ‘‘विचारायला काय झालं होतं? एवढं शिकवलं ते कशासाठी?’’ ती रडत नव्हती. म्हणाली, ‘‘कोणाले विचारू मॅडम? बाया रडून राहिल्या होत्या समोर. आन् मले हे विचारायचं असते, हेच मालूम नव्हतं. मले वाटलं, मी चांगलंच वागून राहिली.’’ तिच्या जागी मी असते तर मीही पेला घेतला नसता. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या सुनेनं आणलेलं पाणी मी असेच हात जोडून परत केलं आणि न बोलता जिना उतरले. आपली रीत आपल्याला रीत वाटतच नाही, नुसतं चांगलं वागणं वाटतं. तुमच्या त्या तासाला पोरींनी किती काय सांगितलं, पण पाण्याचं कुणी बोललं नव्हतं. बोलणार कोण? जे सगळ्यांनाच ठाऊक आहे असं प्रत्येकीला वाटतं, ते कोण सांगतं?

काल आम्ही दोघी त्या घरी गेलो, समजावून सांगायला. वाटेत ती उर्दूतलं सांत्वनाचं एक वाक्य पुटपुटत होती, शाळेतल्या सहकारी बाईंकडून शिकून घेतलेलं. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई बाहेर आली. ‘‘खाला आके बच्ची को बुरहानपुर ले गई, आपा. बाप दिनभर काम पे, घर में अकेली कैसे रहती?’’ मावशी घेऊन गेली होती. मग ती आत जाऊन मराठीचं पुस्तक घेऊन आली. ‘‘ये रख के गई. बोली, स्कूल का है, टीचर आई तो वापस दे देना.’’ बाकीची पुस्तकं पोरीनं सोबत नेली होती. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, तिथे मराठी लागत नाही, म्हणून ठेवलं असेल, असं मी म्हणाले. शिक्षिकेनं पुस्तक हातात घेऊन उलटून पाहिलं. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर होतं, नीट दुमडलेलं.

शेजारणीनं न विचारता पाणी आणलं. आम्ही दोघींनी ओट्यावर उभ्यानं पेले रिकामे केले. ते जिनं बघायला हवं होतं ती तिथे नव्हती.

बसस्टँडवर मी तिला म्हणाले, सोमवारी अमरावतीच्या प्रशिक्षणाला ये आणि हे तू सांग. ती म्हणाली, ‘‘नाही मॅडम. मी आता कोणाच्या घरी जात नाही.’’ मी रागावणार होते, पण रागावले नाही. सोमवारी मलाच सांगावं लागेल, आणि कुणीतरी मागून मार्क विचारेल.

एक तुम्हाला कधी बोलले नाही. तुमची ती कॉफी मला कधीच आवडली नाही. तुम्ही दिली म्हणून दर वेळी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.