धूळ नव्हती, अब्बा

प्यारे अब्बा,

तुम्ही आता या दुनियेत नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. भूकंपानंतर निलंग्यात तुमचा डोळा लाल झाला, तेव्हा सगळे म्हणाले, "धूळ गेली." डोळा गेला. तरी माझ्या बारावीच्या क्लासची फी शिवणकामातून भरायला शिलाई मशीन घेऊन तुम्ही लातूरला आलात. सुईत दोरा मी ओवायची, तुम्ही गुणगुणत बसायचात.

मागच्या महिन्यात नांदेडच्या आमच्या लॅबमध्ये जळकोटच्या केवळाबाईंच्या तशाच लाल झालेल्या डोळ्याच्या बुबुळावरचा नमुना मी तपासला. हर्पीसचा विषाणू निघाला. तुमच्या डोळ्यातही बहुधा तोच होता. तेव्हा ही तपासणी आपल्याकडं कुठं होती?

डॉक्टरांनी औषध बदललं. आज केवळाबाई लॅबमध्ये आल्या आणि तोच डोळा उघडून म्हणाल्या, "पोरी, तुझी वढणी हिरवी हाय नव्हं?"

"हाव, मावशी," म्हणत मी ओढणीचं टोक त्यांच्या हातात दिलं.

तुमचीच,
उजमा