सतराव्या खांबाखालची हजेरी

विद्यानगर, हैदराबाद
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ती. अरविंददादास,
निशिगंधाचा नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी लिहायला बसले. रुपालीवहिनीचे गुडघे आता कसे आहेत? इकडे पहाटे गारवा जाणवू लागलाय. भाऊबीजेला मी ताट तयार ठेवलं होतं. संध्याकाळी चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. करंज्या खालच्या लक्ष्मीअम्मांना दिल्या.

आप्पांची खोली अजून आवरलेली नाही. चष्मा खिडकीत आहे. मी ऑफिसातून येते, दिवा लावते आणि सवयीने म्हणते, "आले हं." मग कुकर लावते. एका माणसाचा भात शिजवणं मला अजून जमत नाही, रोज उरतो.

तुला एक गंमत कधी सांगितली नव्हती. आमच्या गल्लीच्या टोकाला सतरा नंबरच्या खांबावर माझ्या खात्याने कॅमेरा बसवला, तेव्हा मी आप्पांना म्हटलं, "आता मी ऑफिसात बसून तुम्हाला बघत असते." त्या दिवसांत ते एकदा रस्ता चुकले होते आणि एकटं बाहेर पडायला घाबरत होते. मी असं सांगितल्यावर पुन्हा फिरायला जाऊ लागले. रोज खांबाखाली थांबायचे, हात वर करून मोठ्याने म्हणायचे, "हजर!" जामबागच्या शाळेत तीस वर्षं दुसऱ्यांची हजेरी घेतलेला माणूस तो.

संध्याकाळी विचारायचे, "मांडलीस का गं माझी हजेरी?"
"मांडली."
"उशिराचा शेरा नाही ना मारलास?"
"नाही हो, आप्पा."
"मग ठीक. नाहीतर अंगठे धरून उभं करशील."

मे महिन्यातल्या त्या सकाळी ते नऊला निघाले आणि परतले नाहीत. खांबापाशी गल्ली दोन बाजूंना फुटते. मी पोलिसांना डावीकडे, विद्यापीठाच्या बाजूला नेलं, कारण तिकडे झाडं आहेत आणि त्यांना सावली आवडायची. चार तास आम्ही तिकडेच शोधत होतो. ते सापडले उजवीकडे, रेल्वेच्या भिंतीजवळ, एका बंद दुकानाच्या पायरीवर. उन्हाने अंग तापलं होतं. दोन तास आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. पुढचं वाक्य आपण दोघांनीही ऐकलं नाही.

स्मशानातून परतताना तू एवढंच विचारलंस, "कॅमेरा तुझ्याच खात्याचा ना? मग ते कुठे वळले ते कसं दिसलं नाही?" मी म्हणाले, "बंद होता, दादा."

बंद नव्हता. तिथे कॅमेराच नव्हता.

मार्चअखेरीस चाळीस खांबांची पाहणी माझ्याकडे होती. रीत अशी, की प्रत्येक खांबाला शिडी लावायची, डबा उघडून बघायचा आणि नियंत्रण कक्षात फोन करून चित्र दिसतंय का विचारायचं. एका खांबाला पंधरा मिनिटं तरी जातात. त्या दिवशी शिडीच आणली नव्हती. ठेकेदाराचा मुकादम हिम्मतराव सोबत होता, बिदरकडचा. सतराव्या खांबावर भर दुपारी लाल दिवा लुकलुकत होता. दादा, खरा कॅमेरा असा दिवा मिरवत नाही. लोकांनी बिचकावं म्हणून तो खोट्या डब्याला लावतात. हे मला माहीत होतं.

मी विचारलं, "हिम्मतराव, हा दिवा कशाला?"

"कैकु परेशान होता ताई? बत्ती जलरी ना? दोन तारखेला उद्घाटन आहे, नंतर बदलून टाकतो. तुमचं घर इथंच ना? आप्पा वाट बघत असतील."

आप्पांना सांभाळणारी बाई चारला जायची. पावणेचार झाले होते. त्याच्या स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून मी सही केली: 'चाळीस कॅमेरे, चालू स्थितीत, प्रत्यक्ष पाहिले.' मी पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर तुला राग तरी सरळ करता आला असता. मला फक्त लवकर घरी जायचं होतं.

आणि त्याच आठवड्यात मी आप्पांना म्हणाले, मी तुम्हाला बघत असते.

आता चौकशी लागली आहे. परवा डबे उतरवले. चाळीसपैकी सोळा रिकामे. सतराव्यात एक पेन्सिल सेल निघाला आणि चुरगळलेला तेलुगू पेपर. काल हिम्मतराव घरी आला होता. म्हणाला, "ताई, दोघंही एकच सांगू. माकडांनी तारा तोडल्या म्हणू. माकडं काही साक्षीला येत नाहीत." मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. उद्या अकराला माझा जबाब आहे. जे झालं तेच सांगणार आहे. नोकरी बहुतेक जाईल. पण वर्तमानपत्रात छापून येण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. पाच महिने तू मला दिशा चुकलेली बहीण समजतोस, आणि मी समजू दिलं. चूक त्याहून जुनी आहे.

एक गोष्ट उरली. लक्ष्मीअम्मांनी त्या सकाळी आप्पांना गॅलरीतून पाहिलं होतं. मला त्यांनी गेल्या आठवड्यात सांगितलं. ते खांबाखाली थांबले, हात वर केला, "हजर" म्हणाले. मग नेहमीसारखे निघाले नाहीत. बराच वेळ डब्याकडे बघत उभे होते. एकदा डावीकडे हात दाखवला, एकदा उजवीकडे. अम्मांना वाटलं, मास्तर कॅमेऱ्याशी थट्टा करताहेत, आणि ते वळायच्या आधीच त्या आत गेल्या.

ते मला विचारत होते, दादा. कुठे वळू म्हणून.

तू आलास तर आप्पांची खोली आपण दोघं मिळून आवरू. नाही आलास तरी ती तशीच राहील, घाई नाही. वहिनीला नमस्कार.

खाली सही करते आहे. ही मात्र सगळं पुन्हा वाचून, पाहून केली आहे.

निशिगंधा